मामांचा पाइप

तारापूर,
१२ नोव्हेंबर २०२४

पुंजारामभाऊ,

नमस्कार मंगलाचा आहे, माझा नाही. माझा फोन तुम्ही ब्लॉक करून ठेवलाय आणि आपले निरोप इकडून तिकडे पोचवायला दोघी बहिणींनी साफ नकार दिलाय, म्हणून पाकिटाला तिकीट चिकटवावं लागलं. इथल्या इथे सरावलीत राहणाऱ्या साडूला पोस्टाने पत्र धाडतोय हे बघून पोस्टातली बाई हसली.

कामाचं लिहितो. मामांचं, म्हणजे आपल्या दोघांच्या सासऱ्यांचं, काही खरं दिसत नाही. वय चौऱ्याऐंशी, विसरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण दिवाळी सरल्यापासून त्यांनी एकच धोशा लावलाय. चार वाजले की उठतात आणि विचारतात, "माजा पाइप कुटं हाय?" खाटेखाली बघतात, पंपाच्या खोलीत बघतात, वाडीच्या फाटकापर्यंत जाऊन येतात. सापडला नाही की भिंतीकडे तोंड करून निजतात. आठ दिवसांत पेजेशिवाय पोटात काही नाही. मंगला रडते. डॉक्टर म्हणतात, आजार काही नाही, पण असेच उपाशी राहिले तर शिमगा बघणार नाहीत.

तो पाइप कुठला हे सांगायला नको. तिकडे अणुवीज केंद्र बांधायला आलेल्या परदेशी साहेबाने जाताना मामांना दिलेला तंबाखूचा पाइप. चाळीस वर्षांवर मामांनी तो ओढला. बारा साली छातीच्या दुखण्याने बोईसरच्या दवाखान्यात होते, तिथे तंबाखू बंद झाली, आणि घरी आले तेव्हा सदऱ्याच्या खिशात पाइप नव्हता. दवाखान्यात उशाशी कोण बसलं होतं? तुम्ही. आणि बिडीसुद्धा न ओढता काचेच्या कपाटात चाळीस पाइप कोणी मांडलेत? तेही तुम्हीच.

अक्कल पाजळू नका. पाइप पाठवा.

शांताराम


सरावली, बोईसर,
१८ नोव्हेंबर २०२४

श्री. शांताराम राऊत यांस,

पत्र पावले. शुद्धलेखनाच्या चुका मोजायला घेतल्या होत्या, दुसऱ्या पानावर नाद सोडला.

चोरीचा आळ घेण्याआधी मनुष्याने आपल्या दाराशी बघावे. सासऱ्याच्या वाडीत राहून सासऱ्याच्याच वस्तू भंगारात घालण्याची खोड कोणाला आहे, हे सर्व नातलगांना माहीत आहे. सासूबाईंचा तांब्याचा बंब कुठे गेला, हे उषा अजून विचारते. तेव्हा चोराच्या उलट्या बोंबा पुरे. मामांचा तो पाइप मी आयुष्यात हातात धरलेला नाही. हे लेखी देतो, जपून ठेवा.

मात्र मामा उपाशी आहेत हे वाचून उषाच्या घशाखाली घास उतरेना. म्हणून तुमच्यासाठी नव्हे, तर मामांसाठी मी तसाच पाइप मिळवून देईन. जुने पाइप आता ऑनलाइन लिलावात येतात. ते पारखणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. मी चौतीस वर्षे केंद्रात मापक यंत्रे तपासली. काटा काय दाखवतो ते मागाहून, आधी काटाच खोटा नाही ना हे बघायचे, ही माझी सवय. लिलावातले फोटोही मी तसेच बघतो. विकणाऱ्याने एकाच बाजूचे फोटो टाकले असतील तर दुसऱ्या बाजूला तडा आहे असे समजायचे. तोंडात धरायची नळी जुन्या कडक रबराची असेल तर ती उन्हाने हिरवट पडलेली हवी. काळीकुळकुळीत असेल तर नळी नवी, नाहीतर घासून पुसून आणलेली. तंबाखू भरायच्या भांड्याच्या आत काजळीचा थर हवा, पण तो नाण्याच्या जाडीहून जास्त नको, नाहीतर लाकूड आतून फुटते. आणि ज्याच्या वर्णनात "दुर्मिळ" हा शब्द तीनदा आला, तो पाइप घ्यायचा नाही.

हे सगळे तुम्हाला कळावे म्हणून लिहिलेले नाही. तुम्ही यात हात घालू नये म्हणून लिहिले आहे.

पुंजाराम गायकवाड


तारापूर,
२९ नोव्हेंबर २०२४

पुंजारामभाऊ,

हात घातला.

तुमची पारख पूर्ण होईपर्यंत मामांचं तेरावं व्हायचं. म्हणून आमच्या पोरीने, समिधाने, मोबाइलवर एक लिलाव शोधला, बोली लावली आणि पाइप जिंकला. परवा पुडकं आलं. वर्णनात दुर्मिळ हा शब्द दोनदाच होता, तीनदा नव्हता, तेव्हा नियम तुमचाच पाळला.

चार वाजता मी तो मामांच्या हातात दिला. त्यांनी उलटासुलटा केला, हुंगला, आणि अंगणात कोंबड्या होत्या त्यांच्यात भिरकावला. मग माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या ताटात माती कालवली. "पाइप आन," म्हणाले. नंतर पेजही घेतली नाही. आता चालताना त्यांना धरावं लागतं.

म्हणजे त्यांना दुसरा कुठलाही नको, त्यांचा तोच हवाय. माणूस सगळं विसरला तरी आपली वस्तू विसरत नाही, पुंजारामभाऊ. आणि ती वस्तू कोणाच्या कपाटात आहे, हे मीही विसरलेलो नाही.

तो जिंकलेला पाइप सोबत पाठवतोय. कोंबडीने टोच मारलेली बाजू कोणती, ते पारखून कळवा.

शांताराम


सरावली, बोईसर,
५ डिसेंबर २०२४

श्री. राऊत,

तुम्ही पाठवलेल्या वस्तूला पाइप म्हणणे हा पाइपांचा अपमान आहे. लाकूड आंब्याचे, वर दारांना लावतात ते व्हार्निश, नळी प्लास्टिकची. काजळी म्हणून जे आत दिसते ते काळे बूटपॉलिश आहे, बोटाला लागले. दांड्यावरचा कंपनीचा ठसा तापल्या सुईने काढलेला असून त्यातही स्पेलिंग चुकलेले आहे. गाढवाला गुळाची चव काय, असे मी म्हणणार नाही, कारण मामांनी तो भिरकावला. त्या घरात निदान एकाला पारख आहे.

आता नीट वाचा. काल एका लिलावात मामांचा खरा पाइप आला आहे. पुण्यातले एक संग्राहक वारले, त्यांच्या वस्तू त्यांच्या मुलीने विकायला काढल्या आहेत. हा पाइप तोच, याबद्दल मला तिळभर शंका नाही. नळीवर डाव्या बाजूला खोल दाताची खूण आहे. मामांच्या उजवीकडच्या दाढा तरुणपणीच गेल्या होत्या, ते सगळे डावीकडे धरत. शिवाय दांड्याला आतून स्टोव्हच्या पितळी नळीची कडी बसवलेली आहे. बाहेरून ती दिसत नाही, नळी उपसली तरच कळते. अशी दुरुस्ती सगळ्या जगात एकाच माणसाने केली असेल.

लिलाव एकोणीस तारखेला संपतो. तोवर मामांना धीर द्या, आणि कृपा करून समिधाला त्या लिलावापासून लांब ठेवा.

पुंजाराम गायकवाड


तारापूर,
९ डिसेंबर २०२४

पुंजारामभाऊ,

आतली कडी फोटोत दिसत नाही, हे तुम्हीच लिहिता.

मग तुम्हाला ती दिसली कुठे?

तुमचं अठरा नोव्हेंबरचं पत्र मी जपून ठेवलंय, तुम्हीच सांगितलं होतं म्हणून. त्यात "आयुष्यात हातात धरलेला नाही" असं तुमच्या सुवाच्य अक्षरात आहे. मंगलाला अजून दाखवलेलं नाही. उषावहिनींना कधी दाखवायचं, ते तुमच्या उत्तरावरून ठरवीन.

शांताराम


सरावली, बोईसर,
२४ डिसेंबर २०२४

शांताराम,

सापळ्यात उंदीर सापडल्याचा आनंद झाला असेल. होऊ दे.

हो, मी नेला. दवाखान्यात दुपारची वेळ होती. मामा झोपलेले होते, सदरा खुंटीला होता, खिशातून नळी डोकावत होती. डॉक्टर त्यांना पुन्हा ओढू देणार नव्हते. मी मनाशी म्हटले, इथे राहिला तर शांताराम एक दिवस रद्दीबरोबर देईल, त्यापेक्षा माझ्याकडे नीट राहील. हे खरे होते आणि बहाणाही होता. माझ्या कपाटात आलेला तो पहिला. बाकीचे सगळे त्याच्यामागून आले.

पुढचे याहून वाईट आहे. दोन वर्षांनी मला या छंदातली थोडी माहिती झाली, आणि थोडी माहिती फार वाईट. कोणीतरी सांगितले की आतून कडी बसवलेल्या पाइपाला मोल नाही. मी तो पुण्याच्या त्या गृहस्थांना देऊन बदल्यात बिनदुरुस्तीचा, नाव असलेला पाइप घेतला. फार मोठा सौदा केला असे वाटले होते. उषाला यातले काहीही माहीत नाही. ती मला सरळ माणूस समजते. तिला कळले तर ती भांडणार नाही, फक्त बापाच्या घरी निघून जाईल, आणि तिथे तुम्ही आहात.

लिलावात माझ्यासमोर आणखी एकजण शेवटपर्यंत होता. शेवटच्या वीस सेकंदांत तीनदा माझ्या बोलीवर चढला. पण पाइप मिळाला. त्यासाठी कपाटातला तो नावाचा पाइप विकावा लागला, म्हणजे ज्याच्यासाठी मामांचा घालवला तोच. हसायचे असेल तर इथे हसा.

पाइप सोबत आहे. स्वच्छ केलेला नाही, काजळी मामांचीच आहे. त्यांच्या हातात द्या, त्यांना जेवू द्या. उषाला काय सांगायचे ते तुमच्या हातात आहे. मी तुमच्याकडे दयेची भीक मागत नाही. मागितली असती तरी तुम्ही दिली नसती.

पुंजाराम


तारापूर,
३० डिसेंबर २०२४

पुंजारामभाऊ,

हसलो नाही. हसायचं ठरवून बसलो होतो, पण जमलं नाही. कारण खाली वाचा, मग तुम्हीच हसा.

पाइप मिळाला. तुमच्यासारखा मीही आधी पारखला. दाताची खूण डावीकडे, आत कडी. खरा आहे. चार वाजता मामांना उठवून बसवलं, मंगलाने पाठीला टेकू दिला, मी पाइप त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी लगेच ओळखला. अंगठा त्या खुणेवर बरोबर गेला. मंगलाने देवाला हात जोडले.

मग मामा म्हणाले, "ही तर सायबाची चिलीम."

मी म्हटलं, मामा, तुमचा पाइप आणलाय. तर माझ्यावरच चिडले. "पाइप कुटं हाय? दिवाली झाली. चिकूंना पानी कोन घालील?"

आता आठवून बघा. त्या वस्तूला मामा जन्मात कधी पाइप म्हणाले का? "सायबाची चिलीम" म्हणायचे. पाइप म्हणता तुम्ही. तुमचं काचेचं कपाट बघून बघून सगळं घर पाइप म्हणायला लागलं, मीही. मामांना हवा होता पाणी घालायचा काळा रबरी पाइप. दिवाळी झाली की चिकूंना पाणी सुरू होतं, आणि चार वाजता पाइप खांद्यावर टाकून मामा वाडीत निघत. पन्नास वर्षं त्यात खंड नाही. गेल्या वर्षापर्यंत मी मागून पाइप उचलून द्यायचो, पुढचं टोक तेच धरायचे. दीड महिना त्यांनी पंपाची खोली धुंडाळली, आणि आम्ही खाटेखाली चिलीम शोधत बसलो. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आणि काखेतला कळसा मी आधीच विकलेला.

नवरात्रापासून मामा पंधरा दिवस तुमच्याकडे सरावलीला होते. तेवढ्यात मी वाडीत ठिबक घातलं. झाडाशी बारीक नळ्या, थेंब थेंब पाणी, माणूस लागतच नाही. जुना पाइप बेटेगावच्या मिथुन भंगारवाल्याला देऊन टाकला. मामांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. तुम्ही मला भंगारातला घरजावई म्हणालात तेव्हा अंगाचा तिळपापड झाला, तो उगीच नव्हता.

शनिवारी बोईसरच्या दुकानातून नवा पाइप आणला, हिरवा. मामांनी हात लावून ढकलून दिला. "ह्यो माजा नाय." काल दिवसभर पाण्याचा घोटही घेतला नाही. मी बेटेगावला जाऊन आलो. तिथे काळ्या पाइपांचा ढीग आहे, आणि सगळे मला सारखेच दिसले. एक उचलून आणला, तोही त्यांनी ढकलला. तिसऱ्यांदा चुकीचा पुढे केला तर पुन्हा हात लावतील असं वाटत नाही.

तुम्हाला जुना पाइप ओळखता येतो असं तुम्हीच सांगता. बेटेगाव तुमच्यापासून जवळ आहे. खूण म्हणून एवढंच आठवतं की त्याला सायकलच्या ट्यूबची ठिगळं होती. जा.

उषावहिनींना सांगायचं तर मला माझंही सांगावं लागेल. तेव्हा त्या पत्राचं काय करायचं ते मामा जेवल्यावर बघू.

शांताराम


सरावली, बोईसर,
४ जानेवारी २०२५

शांताराम,

ठिबक घातले याबद्दल दोष देत नाही. न विचारता घातले याबद्दल देतो. पण ते बोलण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही, म्हणून पुढे जातो.

पत्र मिळाले त्याच दिवशी मिथुनकडे गेलो. म्हणाला, "बाबूजी, पाइप तो पाइप है, कोई भी ले जाओ।" मी त्याला म्हटले की हे वाक्य मी अनेक लिलावांत वाचले आहे. ढिगात अकरा काळे पाइप होते. ठिगळे म्हणशील तर चार पाइपांना सायकलच्या ट्यूबची. तुझी खूण कुचकामी. त्याच्या आवारातच बसकण मारली आणि एकेक टोक उन्हात धरून बघू लागलो. रबर जुने, उन्हाने करपलेले, हिरवट. चारीही सारखेच. त्यांतला एकही मामांचा वाटेना, आणि चारीही वाटत होते. इतक्या वर्षांत असे हताश कधी वाटले नव्हते.

तेवढ्यात मिथुनच्या माणसाने टेम्पो धुवायला बारावा पाइप ओढत आणला. त्यालाही ठिगळे. मी टोक मागितले. टोकाच्या कडेवर रबर दबलेले होते, ओळीने, खोल. दाताच्या खुणा. सगळ्या एकाच बाजूला.

मग आठवले. वाडीतल्या टाकीला खाली तोटी नव्हती. मामा पाइपाचे एक टोक टाकीत सोडत, दुसरे तोंडात धरून हवा ओढत, पाणी आले की बाजूला होऊन गुळणी टाकत. मी लग्नानंतर पहिल्यांदा वाडीत आलो तेव्हा हे बघून हसलो होतो. चिलीम धरत तसेच ते टोक धरत, डाव्या दाढांत. कपाटातल्या पाइपांवरच्या खुणा भिंगाखाली घालून मी लोकांना गोष्टी सांगत बसलो. ही खूण मात्र भिंगाशिवाय दिसली, आणि मी मिथुनसमोर रडलो. तुला हे सांगायचे नव्हते.

टेम्पोवाल्याने दुसरा पाइप घेतला. हा तुमच्या गावच्या सुकाच्या रिक्षातून आज पाठवत आहे. धुतलेला नाही.

उषाला मी काल सगळे सांगितले. तुझ्या हातातले ते पत्र आता निरुपयोगी आहे. ती स्वयंपाक करते, वाढते, पण समोर बसत नाही.

पुंजाराम


तारापूर,
८ जानेवारी २०२५

पुंजारामभाऊ,

नमस्कार. या वेळचा माझा आहे, पण याची सवय लावून घेऊ नका.

पाइप पोचला. मामांना दाखवायला न्यायच्या आधीच त्यांनी खाटेवरून बघितला आणि हात पुढे केला. मी एक टोक टाकीत सोडलं. त्यांना ओढता येईना, छातीत तेवढा दम नाही. शेवटी मी ओढून पाणी आणलं, नाकातोंडात गेलं, ठसका लागला, आणि मामा हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. खुर्चीत बसून त्यांनी तीन झाडांना पाणी घातलं. ठिबकच्या नळ्या त्यांच्या पायाशीच होत्या, त्यांच्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळी तांदळाची दीड भाकरी खाल्ली, वर आमटी मागून घेतली.

आता दुसरं. पाइप कोणी शोधून आणला ते मी त्यांना सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण मंगला बाजूला उभी होती. मामांनी उशाखालून साहेबाची चिलीम काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही पुंजारामला दे. त्यानं नेली तवा मी जागा होतो."

मी विचारलं, मग बोलला का नाही? तर म्हणाले, "जावय हाय. त्याला हवी होती."

चिलीम सोबत पाठवतोय. हे वाक्य तुम्हाला कळवावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. तुमच्या वर्मी लागेल याचा मला आनंद होईल असं वाटलं होतं. तेवढा झाला नाही, कारण बंब विकला तेव्हाही मामा ओटीवरच बसलेले होते, हे मला त्या रात्री आठवलं.

रविवारी उषावहिनींना घेऊन या. मी बोलावत नाही, मामा बोलावतात. वहिनी समोर बसत नसतील तर इथे मंगलाजवळ बसतील. चारच्या आत या. ओला पाइप जड होतो, मामा पुढचं टोक धरतात, मागून उचलून द्यायला माणूस लागतो. माझी कंबर धरलीय.

शांताराम